टाचेखालचा खडा

नाशिकच्या वेगधारा या इंटरनेट कंपनीच्या प्रयोगशाळेत सुदाम गव्हाणे चहाचा कप तोंडाला लावणार, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर एक बाई चालायला लागली. बाई म्हणजे नुसती हिरव्या रेघांची आकृती, ना नाक ना डोळे. पण उजवं पाऊल टाकताना जरा आत वळत होतं. सुदामचा कप तसाच हातात राहिला. हे पाऊल सध्या त्याच्याच स्वयंपाकघरात फिरत होतं.

खाली लिहिलेलं, रेवती भामरे, मनानं अस्थिर, घरातून निघून गेलेली. शोध मागणारा, भाऊ धनंजय.

मनानं अस्थिर म्हणे. पोरीनं मर्जीनं लग्न केलं, दुसऱ्या जातीतल्या पोराशी, एवढाच तिचा आजार. सापडलात की दोघांना तोडतो, असा भावानं निरोप धाडलेला. नवरा लांबच्या गावी खोली बघायला गेला होता आणि ती सुदामकडं लपली होती. सुदामची बायको कुसुम पूर्वी चांदवडला शिवण शिकवायची, तिथली ही पोर.

सुदाम केबलजोडणीतला माणूस, या खोलीत नुकताच आलेला. त्यानं आवाज जमेल तेवढा सैल ठेवला. "मॅडम, भाऊ खोटंही बोलत असेल की."

डॉ. अस्मा मुजावरांनी मान वर केली. चालीवरनं हरवलेली माणसं शोधणारी ही 'पाऊलओळख' यंत्रणा त्यांचीच. त्यांचे वडील विसरभोळेपणात घराबाहेर पडले ते परत दिसले नाहीत, त्या दुःखातनं हे काम उभं राहिलं. "रक्ताचा नातेवाईक आहे. नियमात बसतं."

"पण नुसत्या चालीवरनं सापडतं?"

"घराघरात आपली इंटरनेटची पेटी आहे ना, ती लहरी सोडते. भिंतीतनं जातात, माणसाला आपटून परत येतात. टाच कशी टेकली, वजन कुठं पडलं, सगळं त्यात उमटतं. तिच्या माहेरच्या पेटीत तिची चाल आहेच. माणूस नाव बदलेल, केस कापेल. चाल कुठं टाकून येणार?"

"पेटीच बंद केली तर?"

"शेजाऱ्याची बघते. वर बंद पडलेल्या घरावर पहिला संशय. काय हो गव्हाणे, कुणाला लपवलंय का काय?"

मॅडम हसल्या. सुदामही हसला, पण त्याचं बनियन घामानं भिजलं होतं.

"चपलेत खडा घालायचा," त्या आपल्याच नादात म्हणाल्या. "टाचेखाली. मी करून बघितलंय, पेटी मला ओळखेना. पण किती दिवस घालणार? शोध तर माणूस सापडेपर्यंत चालतो."

सुदाम तडक समोरच्या टपरीवर गेला. टपरीवाल्याचा फोन मागून घेतला.

"कुसुम, ऐक. पाहुणीला म्हणावं, चपलांत टाचेखाली खडे ठेव आणि घाल. घरातसुद्धा."

"घरात चपला? सकाळी बरे होतात की हो."

"तू ऐक फक्त. एक पाऊल तसं टाकू नको म्हणावं."

त्याच्या आवाजात काहीतरी असणार. कुसुमनं पुढं विचारलं नाही.

दुपारभर तो पडद्यापुढनं हलला नाही. शोध नाशिकच्या नकाशावर मुंग्यांसारखा घरोघरी फिरत होता. त्याच्या गल्लीत आला. त्याच्या घरावर थबकला. पडद्यावर अक्षरं उमटली, 'अनोळखी बाई, लंगडते'. शोध शेजारच्या घरात शिरला. परत आला, परत गेला. संध्याकाळी सुदाम निघाला तेव्हा त्याला दिवसभरात पहिल्यांदा भूक लागली होती.

जिना चढून दाराशी आला आणि पाय तिथंच थांबले. उंबऱ्याबाहेर, कुसुमच्या चपलांशेजारी, रेवतीच्या चपला नीट जोडीनं ठेवलेल्या. दोन्हींत एकेक खडा.

आत देव्हाऱ्यात निरांजन लागलं होतं. रेवती हात जोडून उभी, अनवाणी.

"असं काय बघताय?" कुसुम म्हणाली. "दिवसभर घातल्या बिचारीनं, टाच सोलून निघाली. पण देवापुढं चपला घालून जाणार का? चार पावलं तर होती."

सुदामच्या आत्ता ध्यानात आलं. मुजावर मॅडमनी खडा घालून बघितला तो प्रयोगशाळेत, बूट घालून. आणि भामऱ्यांच्या पेटीनं वर्षानुवर्षं टिपलेली रेवतीची चाल घरातली होती. अनवाणी. दिवेलागणीला देव्हाऱ्याकडं जाणारी सुद्धा.

त्याचा फोन वाजला. त्यानं संदेश वाचला, मग त्या दोघींना वाचून दाखवला.

"आपल्या घरात एक हरवलेलं माणूस सापडलं. घरच्यांना पत्ता कळवला आहे. वेगधारा परिवार आपला आभारी आहे."

चांदवडहून गाडीनं यायला फार वेळ लागत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. कुसुम आत गेली आणि रेवतीची पिशवी घेऊन आली.

रेवती उंबऱ्याशी वाकली. चपला हातात घेतल्या.

"खडे असू दे पोरी," सुदाम म्हणाला. "रस्त्याला दुकानादुकानात पेट्या आहेत."

"खडे घालून पळता येत नाही, काका," ती म्हणाली, आणि तिनं चपला उपड्या करून झटकल्या.