ओस्नेची हाक

व्हॉस स्टेशनवर गाडीत चढण्याआधी बोर्गहिल्ड आजींनी पिशवी चाचपून पाहिली. पाव, तपकिरी चीज, कॉफीचा थर्मास. सगळं होतं. शेजारी त्यांची नऊ वर्षांची नात ओस्ने ओठ मिटून उभी होती.

जानेवारीत स्कीवरून घरी येताना ती कोसळत्या बर्फाखाली गाडली गेली. गावानं तिला जिवंत बाहेर काढलं. आवाज मात्र बाहेर आला नाही. सुट्टी संपेपर्यंत ती बोलली नाही, तर तिला दूर बेर्गेनला, मुक्या मुलांच्या शाळेत ठेवायचं ठरलं होतं. आजींनी जन्मभर मुलांना शिकवलेलं. मागे लागलं की मूल आणखी मिटतं, हे त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी नुसती सहल काढली.

गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडत फ्लोमला उतरली. तिथून बोटीनं फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, टोकाला, आणि मग घाटाची बस. चालक टोर्गेर आजींचाच विद्यार्थी.

"बाई, पुढे बसा. मागे पोट ढवळतं."

"पाढे विसरलास, वळणं तरी नीट घे रे!"

"पाढ्यांनी बस चढत नाही, बाई!"

सगळी बस हसली. ओस्ने खिडकीबाहेर पाहत राहिली.

स्तालहाइमच्या माथ्यावर टोर्गेरनं नेहमीसारखी बस थांबवली. समोरच्या कड्यावरून धबधबा गर्जत कोसळत होता. इथं मुलांनी कठड्याशी उभं राहून समोरच्या डोंगराला आपलं नाव सांगायचं, असा त्या वाटेचा रिवाज.

"आइनार!" एक गोरटेला मुलगा ओरडला. दरीपलीकडून सावकाश नाव परत आलं. पोरं खिदळली.

मग ओस्नेची पाळी आली.

"तिला राहू दे का, बाई?" टोर्गेर हळूच म्हणाला.

"उभी तर राहू दे."

ओस्ने कठड्याशी गेली. आजी तिचा हात धरून तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होत्या. ओठ घट्ट मिटलेले होते.

पलीकडून हाक आली.

"ओस्ने!"

किंचित घोगरी, पण खणखणीत. तिच्याच आवाजातली.

"ही ओरडली?" टोर्गेरनं विचारलं.

"नाही."

पुन्हा हाक आली. या खेपेला दरीच्या मध्यावरून.

मग कठड्याच्या अगदी पलीकडून. तिथं फक्त हवा होती.

ओस्नेची बोटं आजींच्या हातात रुतली. तिला मागे ओढावं, असं आजींना फार वाटलं. त्यांनी ओढलं नाही.

"तुला बोलावतंय," त्या वर्गात बोलत तशा शांतपणे म्हणाल्या. "उत्तर तूच द्यायचंस."

ओस्नेनं श्वास घेतला.

"मी इथं आहे!" ती ओरडली. "इथं! आजी, मी ओरडले! ऐकलंस ना?"

"ऐकलं गं माझ्या राणी, ऐकलं!"

मग तिला थांबवणार कोण? तिनं चीज मागितलं, आइनारला वेडावून दाखवलं, टोर्गेरच्या टोपीला कोंबडीचं घरटं म्हणाली. बसमधल्या माणसांनी हात उंचावून तीनदा "हुर्रा!" दिला. आजी हसता हसता रडल्या. बेर्गेन गेलं उडत!

"हिचं ओरडणं परत का नाही आलं?" आइनारनं विचारलं.

त्यानं आपलं नाव पुन्हा मोठ्यानं सांगितलं. सगळे थांबले. डोंगर गप्प होता.

टोर्गेरनं समोर बोट दाखवलं. उंच कड्यावरून तो धबधबा तसाच खाली कोसळत होता, खडकांवर फुटून पांढरा होत होता.

त्याचा आवाज आता येत नव्हता.