कुलूप लावलेल्या वर्गातलं वाचन

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण मी स्वतः तिथं उभा होतो.

आणि रात्र नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला शनिवार, भर दुपार... माण तालुक्यातली माळावरची एक शाळा.

माझी थोरली बहीण संयोगिता तिथं आठवीला मराठी शिकवायची. वाचन, निबंध, शुद्धलेखन... ताई फार कडक.

तिच्या वर्गात मंगल होती. मेंढपाळाची मुलगी. दिवाळीआधी ताईनं आवडत्या प्राण्यावर निबंध लिहायला सांगितला. मंगल वाचायला उभी राहिली.

"आमच्या कोकराला आई न्हाई. मीच त्याची आई हाय."

"हाय नव्हे, आहे. पुन्हा वाच."

पुन्हा तोंडातून 'हाय'च आलं. ताईनं पुन्हा अडवलं. वर्ग हसला.

मंगल खाली बसली. पुढचं तिनं वाचलंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती वडलांबरोबर मेंढरं घेऊन खंडाळ्याकडं गेली. तिथं हायवेवर ट्रकनं तिला उडवलं. जागच्या जागी गेली.

तिचे वडील बिरदेव नंतर शाळेत आले. ताईपुढं हात जोडून म्हणाले, "बाई, पोरगी तुमचं लय नाव घ्यायची. मेंढरांमागनं चालताना सारकं घोकायची... हाय न्हाई, आहे. हाय न्हाई, आहे. म्या हाक मारली वो, पर तिचं ध्यानच नव्हतं."

ताई त्या दिवशी जेवली नाही.

जानेवारीत तिचा फोन आला. "शाळा सुटल्यावर वर्गात कुणीतरी वाचतं रे..."

मला वाटलं, मनाला लावून घेतलंय. चार दिवस साताऱ्याला घरी आणावं म्हणून मी गाडी घेऊन गेलो.

शनिवारची सकाळची शाळा. मुलं केव्हाच गेली होती. ताईनं वर्गाला कुलूप लावलं, चपला घातल्या.

तेवढ्यात... आतून आवाज आला.

मुलीचा. बारीक. अडखळत.

"आमच्या कोकराला आई न्हाई. मीच त्याची आई..."

थांबला.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबला.



"ताई, नको," असं मी म्हणेपर्यंत ती कुलूप काढून आत गेली होती. मी तिच्या मागं.

बाकं रिकामी.

"वाच मंगल," ताई रडत म्हणाली. "हायच म्हण. मी नाही अडवणार."

काहीच नाही...

मग हसू फुटलं. एकदम. भरल्या वर्गाचं हसू... रिकाम्या बाकांवरून.

त्या पोरांच्या हसण्यात एक मोठ्या बाईचं हसू होतं. मी लहानपणापासून ऐकलेलं.

मी ताईकडं पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

आम्ही तडक निघालो. पुसेगाव मागं पडल्यावर मी हळूच विचारलं, "तू पण हसली होतीस?"

तिनं गाडीची काच खाली केली.

"आधी मीच हसले. मला बघून पोरं हसली."

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

ताई आता माधवनगरला शिकवते. परवा तिकडं गेलो होतो. वर्गाबाहेर उभा राहिलो. एक मुलगा वाचताना चुकला आणि पोरं खदखदून हसली.

ताई झटकन फळ्याकडं वळली. कपाळ फळ्याला टेकवून, कानांवर हात दाबून उभी राहिली...

पोरं कधीच गप्प झाली होती. ती मात्र वळेना.

मी हाक न मारताच परत आलो.