गेत्सेमानीतलं बुजवलेलं दार

खुर्च्या जवळ ओढा. ओरडून सांगायचं माझं वय राहिलं नाही.

इथल्या, गेत्सेमानी वस्तीतल्या आपल्या गल्लीतला एव्हारिस्तो सुतार तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षीची गोष्ट, अकरा नोव्हेंबरची स्वातंत्र्याची जत्रा संपल्यावरचा पहिला गुरुवार. संध्याकाळी तो मेणबत्त्या आणि कॉफी आणायला निघाला. बायको गेली होती त्याची, ओतिलिया. त्या रात्री नवव्या दिवसाची प्रार्थना होती. पहाटेपूर्वी गेलेल्यासाठी घरात मांडलेली वेदी उचलायची, दार सताड उघडायचं, वाटेतून बाजूला व्हायचं. मग गेलेलं माणूस सुटतं. नाही गेलं, तर घरातच घुटमळत राहतं.

घर तरी कुठे पुरतं उरलं होतं? स्पॅनिश राजवटीत या गल्लीत गुलामीतून सुटलेले गवंडी-लोहार राहायचे. साहेब लोक इकडे पाऊल टाकायला नाक मुरडायचे. आता त्याच खोल्यांत एक रात्र झोपायला लोक विमानाने येतात. ओतिलियाच्या पणजोबाने बांधलेल्या घराचा रस्त्याकडचा भाग तिच्या आजारपणात हॉटेलवाल्याला द्यावा लागला. मधलं मोठं दार विटांनी बुजवलं. पलीकडे हॉटेलची खोली झाली. अलीकडे राहिला एव्हारिस्तो, आणि जाण्यायेण्यासाठी बोळातलं एक अरुंद दार.

ओतिलिया त्या बोळातून एकदाच गेली. खांद्यांवरून.

रात्रभर जपमाळ झाली. प्रार्थना सांगणारी फिदेलिनाबाई शेवटी म्हणाली, "जा गं बाई, मोकळी हो. आम्हालाही झोपू दे." वेदी उचलली. मेणबत्त्या विझल्या. बोळातलं दार उघडलं. सगळे बाजूला झाले. मग पांगले.

एव्हारिस्तो टेकला. नऊ रात्रींचं जागरण होतं अंगात.

आणि ठोका ऐकू आला.

बुजवलेल्या दारातून. हळू. थांबून थांबून.

"अजून इथेच आहेस होय," तो पुटपुटला. "नवं दार सापडलं नाही ना तुला?"

तो उठला आणि वळसा घालून हॉटेलवर गेला. रात्रपाळीला यादिर होता.

"काका, या वेळेला?"

"ती भिंतीकडची खोली रिकामी आहे?"

"आहे. पण मालकाला कळलं तर माझी नोकरी..."

"दोन मिनिटं. बायकोला वाट दाखवायची आहे."

"जन्मभर तिनेच तुम्हाला दाखवली की!" यादिर हसला. मग त्याने म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. क्रुसाची खूण केली आणि किल्ली घेतली.

दिवा लावला नाही. भिंतीला टेकून पलंग होता, पांढरी चादर ताणलेली. बाहेर पावसाने रस्ता भिजला होता. त्यांनी रस्त्याकडचं दार सताड उघडलं आणि दोन बाजूंना उभे राहिले.

"ओतिलिया... मी बाजूला झालोय."

काही नाही.

"दमलीस ना? मीही दमलोय. ये..."

एक ठोका.

मग...

दोघांच्या मधून काहीतरी गेलं. वारा नव्हता. यादिरच्या हातातली किल्ली खाली पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

ठोके थांबले.

"गेली," एव्हारिस्तो म्हणाला. घरी आला आणि बुटांसकट झोपला. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

उजाडल्यावर यादिर बोलवायला आला. हात धरून घेऊन गेला. रात्री त्याने खोलीला कुलूप लावलं होतं. आत्ताच काढलं होतं.

पांढऱ्या चादरीवर चिखलाची पावलं होती. अनवाणी, बाईची. पलंगावर चढलेली, उशीवरून गेलेली, भिंतीपाशी संपलेली.

टाचा रस्त्याकडे.

बोटं घराकडे.