चार नंबर गैरहजर

नाथाजीच्या अस्थी कुंडात सोडायच्या, एवढीच मोहीम! कुंड कोयनेच्या जंगलात, डोंगराच्या पार माथ्यावर. नाथाजीचं गाव धरणात बुडालं, हे कुंड तेवढं उंचावर म्हणून वाचलं. "मला तिथंच सोडा, आन् मानसिंगच्याच हातनं," असं बायकोला, रंगुबाईला सांगून तो गेला.

सुभेदार मानसिंग आमचा म्होरक्या. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी फलटणला उसाला पाणी पाजताना गड्यांना 'सावधान' करतो. दुसरा रहिमान, आमच्या पलटणीचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. तिसरा मी, सयाजी, कोरेगावचा. माझ्या उजव्या हाताला तीनच बोटं.

लाँचमधनं काठावर उतरलो. पाचला लाँच परत जाणार होती.

"गिनती कर!" मानसिंग ओरडला.

"एक!" रहिमान.

"दोन!" मी.

"तीन!" मानसिंग स्वतः. मग सवयीनं थांबला. चौकीवर आम्ही चौघं असायचो, चौथा नाथाजी. "चार नंबर गैरहजर," तो पुटपुटला. अस्थींचा लोटा रहिमानच्या पाठीवर होता.

मानसिंगनं नकाशा काढला. आजोबांचा, धरणाच्या आधीचा! नव्या नकाशांवर त्याचा भरवसा नाही.

"वाट सरळ हाय. चला!"

"आवं साब, वाटंवर पानी हाय," रहिमान म्हणाला.

"नकाशात पानी न्हाई!"

"जी साब!" आम्ही दोघं. माजी सैनिकाचं असंच. 'जी साब' आधी निघतं, डोकं मागनं येतं. कमरेएवढ्या पाण्यात शिरलो. मानसिंगचा पाय घसरला आणि सुभेदार गडप! नकाशा धरलेला हात तेवढा वर. बाहेर आला, मिशा पुसल्या.

"वाट जरा वल्ली हाय," म्हणाला.

पुढं जळवा. मीठ पाण्यात विरघळलेलं, म्हणून रहिमाननं मिरचीचा ठेचा चोळला. जळवा पटापट पडल्या, पण सुभेदार पंधरा मिनिटं नाचत होता!

हसू तिथंच संपलं. परतीचा पाऊस सुरू झाला, धुकं उतरलं, आणि माझी नसलेली दोन बोटं दुखायला लागली.

तेवीस वर्षांपूर्वी सरहद्दीवर समोर एक दगडी घर होतं. वायरलेसवर हुकूम आला, घर उडवा. मानसिंग तेव्हा हवालदार. त्यानं दुर्बीण लावली आणि म्हणाला, "मार!" रॉकेट लाँचर नाथाजीच्या खांद्यावर होता. तो म्हणाला, "दोरीवर बारकी झबली वाळत्यात. मी न्हाई मारनार." तासाभरानं त्याच घरातनं गोळी आली आणि माझी बोटं गेली. झडतीत जिवंत सापडले एक बंदूकवाला, एक म्हातारी आणि तीन पोरं.

कोर्ट मार्शलात मानसिंगनं जबानी दिली, कपडे दिसले नाहीत. नाथाजीची नोकरी गेली, पेन्शन गेली. मरेपर्यंत साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन राहिला. नाथाजी बरोबर का चूक? बोटं दुखली की चूक वाटतो, पोरं आठवली की बरोबर. मला एवढंच विचारायचं होतं, मानसिंगला ती झबली दिसली होती का? म्हणून तर आलो होतो.

चार वाजले. शेवटची घळ आली. ओढा फुगलेला, वर शेवाळलेला तिरका कातळ, आणि पलीकडं हाकेच्या अंतरावर कुंड!

"सयाजी, लोटा घे. कातळावरनं म्होरं!"

"जी साब!" तोंडातनं निघालंच. लोटा काखेत. एक पाऊल. दुसरं. बोटांची पकड सुटली! घसरलो! रहिमाननं पट्ट्याला धरून मागं ओढलं.

"पुन्ना जा! हुकूम हाय!" मानसिंग ओरडला.

"न्हाई जानार."

मानसिंग गर्रकन वळला.

"काय म्हनलास?"

"न्हाई जानार, साब. करा कोर्ट मार्शल."

"माझं बी करा," रहिमान म्हणाला. "नाथाजी एकदा मेलाय. त्याच्यापायी दुसरा कशाला?"

कातळ कोसळला नाही, दरड आली नाही. कदाचित मी पार गेलोही असतो. ते आता कधीच कळणार नाही.

मानसिंग चिखलात मटकन बसला. मी विचारायच्या आधीच बोलला, "दिसली हुती रं. तीन झबली. एक पिवळं हुतं."

"मग जबानी?"

"वरनं सांगितलं तसं बोललो. त्यो बी हुकूमच हुता."

त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण तीन बोटांची मूठ नीट वळत नाही.

मग रहिमाननं विचारलं, "साब, ह्यो वढा जातो कुठं?"

मानसिंगनं भिजलेला नकाशा मांडीवर पसरला. त्याचं बोट ओढ्यावरनं खाली खाली गेलं आणि थांबलं. "नाथाजीच्या गावात. नकाशात गाव हाय अजून." दिवसभरात नकाशा पहिल्यांदा खरा बोलला!

कुंड राहिलं. मानसिंगनं लोट्याचं फडकं सोडलं आणि गुडघ्यावर बसून अस्थी ओढ्यात सोडल्या.

पाच कधीच वाजून गेले होते, तरी काठावर लाँच थांबली होती.

"एक!"

"दोन!"

"तीन!" मानसिंग थांबला. पाण्याकडं तोंड केलं, टाचा जुळवल्या. "चार! हजर!"

लाँच सुटली. "रंगुबाईला झबल्यांचं कोन सांगनार?" मी विचारलं.

"मी. घरी जायाच्या आधी."

"हुकूम हाय का साब?" रहिमाननं हळूच विचारलं.

"न्हाई रं," मानसिंग म्हणाला, आणि रिकामा लोटा त्यानं स्वतःच्या मांडीवर घेतला.