मिठावरचं घर

कुंपणाच्या आत, टोमॅटोच्या दोन सऱ्यांमध्ये एक परका माणूस गुडघ्यांवर बसून जमिनीत लोखंडी खुंटी ठोकत होता. हनादीने फावडं खांद्यावरून उतरवून हातात घेतलं.

"कुणाला विचारून?"

तो दचकून उठला. गुडघ्यांची माती झटकायची सोडून आधी केस नीट करू लागला. "तुमच्या वडिलांना. ते म्हणाले, मुलगी दिसली तर आधी लांब पळा, मग कारण सांगा."

हनादीला हसू आलं… तिने ते गिळलं.

त्याचं नाव मुअय्यद. अम्मानहून आलेला, मातीची परीक्षा करणारा इंजिनीयर. मृत समुद्राकाठची शेजारची जमीन एका हॉटेल कंपनीने घेतली होती. ती जमीन इमारत पेलेल का, हे बघायला कंपनीनेच त्याला पाठवलं होतं. आणि त्याच कंपनीला हनादीच्या वडिलांचा, अबू साजींचा मळाही हवा होता. मग या खुंट्या कसल्या? जमीन खचतेय का ते त्यांच्यावरून कळतं, असं तो म्हणे. हनादी रोज दुपारी त्या उपटायची, तो रोज सकाळी पुन्हा ठोकायचा.

"तुमच्यामुळे माझी मापं चुकतात," एकदा तो म्हणाला.

"तुमच्यामुळे माझी झोप."

बोलून गेली, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. तिला म्हणायचं होतं ते हे नव्हतं—

अबू साजींना मात्र तो आवडला. मरमिय्याचा सुगंधी पाला घातलेला चहा पीत दोघं ओसरीवर बसत. मुअय्यद विचारी, भिंतीला तडा कधी गेला, विहिरीच्या पाण्याची चव कधीपासून बदलली. वडील भाबडेपणाने सगळं सांगत. हनादी दाराआडून ऐके. तिची मावशी म्हणायची, या लोकांची रीतच ती : आधी जमिनीला नावं ठेवायची, मग मातीमोल भावाने घ्यायची. पण चहाचा पेला परत देताना तो क्षणभर नजर वर उचलायचा, तेव्हा मावशीचे शब्द हनादीला मुद्दाम आठवावे लागत.

मग घरामागे भोक पाडायचं यंत्र आलं. दोन दिवस ते घरघरत राहिलं. तिसऱ्या दिवशी मुअय्यद ओसरीवर आला तेव्हा त्याने चहा नको म्हटलं. घर सोडा, तो वडिलांना म्हणाला. याच आठवड्यात.

"आलात ना शेवटी मुद्द्यावर!" हनादी बाहेर आली. "मावशी सांगतच होती."

समुद्र मागे हटलाय, तो सांगू लागला. डोंगरातलं गोडं पाणी खाली मुरतं आणि जमिनीखालचा मिठाचा थर विरघळवतं. वरून काही दिसत नाही… तिने त्याला पुरं बोलू दिलं नाही. विहिरीचा दोर सोडला, टोकाला लांबट लोखंडी खिळा बांधला आणि थेट त्या भोकाशी गेली.

दोर सोडत गेली. पाच हात, दहा हात, भोकाच्या कडेला खिळा घासल्याचं जाणवत होतं. सोळाव्या हाताला ते घासणं थांबलं. खिळा मोकळा झुलू लागला. तिने आणखी दोर सोडला, आणखी… संपेपर्यंत. खाली काहीच लागलं नाही. भोकातून गार, खारट वारा तिच्या मनगटावर आला. पाठीमागे, वीस पावलांवर, त्यांचं स्वयंपाकघर होतं.

ती तिथेच खाली बसली. मग हात पुढे करून म्हणाली, "तुमचा अहवाल बघू."

त्याने दिला. पहिल्याच पानावर हॉटेलची जमीन होती : बांधकामास अयोग्य. मळ्याचं नाव त्याखाली.

"कंपनीने काय म्हटलं?"

"परत जा म्हणाले. उद्या निघतोय." तो तिच्या शेजारी बसला, जरा अंतर ठेवून. "मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. पण पुराव्याशिवाय तुम्ही ऐकलं नसतंत."

"पुराव्यानंतरही सगळं ऐकेन असं नाही."

वडिलांनी त्याच दुपारी बिऱ्हाड हलवलं, वर डोंगराच्या उतारावर, मामांच्या जुन्या कोठारात. अकराव्या दिवशी सकाळी मोठा आवाज झाला. सगळी धावत बाहेर आली तेव्हा खाली घराच्या जागी धूळ होती, आणि धूळ बसल्यावर एक गोल, काळा खड्डा. अबू साजी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. कुणी मेलं नव्हतं.

हनादीने मामांचा फोन मागून घेतला आणि अहवालावरचा मुअय्यदचा नंबर लावला.

"घर गेलं," ती म्हणाली.

पलीकडून श्वास ऐकू आला. "तुम्ही… सगळे?"

"सगळे आहोत. वरती नवीन बांधायचंय. जागा तपासायला हवी."

"मी येतो. उद्याच."

"पण एक सांगते, अजून माझा तुझ्यावर पुरता विश्वास नाही बसलेला," ती म्हणाली. 'तू' कधी आलं, ते तिलाच कळलं नाही. "तर उद्या नको. शुक्रवारी ये… आणि तुझ्या आईला घेऊन ये. अब्बांना तिला तुझ्याबद्दल बरंच काही विचारायचंय."




पलीकडून त्याने विचारलं, आईने काय उत्तर द्यावं अशी हनादीची इच्छा आहे?

"खरं ते," हनादी म्हणाली, आणि आता मात्र तिने हसू गिळलं नाही.