चिठ्ठीत निघालेला देश

हे कुणालाही खरं वाटणार नाही, तेव्हा पोरींनो, तुम्हीही तसदी घेऊ नका. मी खोटं बोलत नाही. माझ्या वाट्याला आलेलं खरंच जरा भरजरी आहे, त्याला मी काय करू? आयुष्यभर जग माझ्या मागं धावलं. मी कुणाच्या मागं एक पायरीसुद्धा चढले नाही.

"परवा बसमागं धावत होतीस, मावशी," मेल्पो म्हणाली.

"बस थांबली ना? मग कोण कुणासाठी थांबलं?"

मेल्पो माझ्या बहिणीची मुलगी. दर मे महिन्यात अथेन्समध्ये, किप्सेलीतल्या आमच्या या गच्चीवर दिव्यांच्या माळा लावायला येते. यंदा सोबत एक मैत्रीण आणलीय. शिडी धरताना दोघी एकमेकींच्या हाताला हात लागू नये म्हणून इतकी काळजी घेतायत, की बघणाऱ्याला सगळं कळावं. म्हटलं, बसा जरा. माळा कुठं पळून जात नाहीत.

तर युरोव्हिजन, म्हणजे टीव्हीवरची ती देशादेशांची गाण्याची स्पर्धा, संपते शनिवारी, आणि आमचं सुरू होतं रविवारी दुपारी, भर उन्हात, याच गच्चीवर. बारा जण, बारा देश. कुणाच्या वाट्याला कुठला देश येणार हे मार्चमध्येच चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे सरावाला वेळ मिळतो. हे सगळं सुरू केलं थ्रासोसनं. तो ट्रॉलीबस चालवायचा. रविवारी हिरवा झगा घालून सूत्रसंचालन करायचा. तो म्हणायचा, "वर्षभर आपण कुणाच्या घरी 'काकाचे मित्र' असतो, कुणाच्या घरी 'मावशीच्या मैत्रिणी'. या एका दिवशी आपण सरळ देश असतो. देशाला कुणी विचारत नाही, लग्न कधी करणार."

मी सांगतेय त्या वर्षी मार्चमध्ये लिफ्ट बंद होती. मी अकरा हजार टिकल्यांचा झगा खांद्यावर टाकून जिना चढत होते. एकेक टिकली मी माझ्या हातानं टाचली होती. उन्हात धरला, तर पिरेअस बंदरातली जहाजं दीपस्तंभ समजून वळायची. एक तर खरंच वळलं. कप्तान वर येऊन कॉफी पिऊन गेला.

तिसऱ्या मजल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "जरा सरकता का?" मी सरकले, तिची बॅग पुढं आली, आणि... कर्र. झग्याची किनार बॅगेच्या चेनमध्ये.

"हलू नका," ती म्हणाली.

"मी कुठं हलतेय? तुमची बॅग मला खेचतेय."

"बॅगेत चौदा किलो हलूमी चीज आहे. तिला खेचावं लागत नाही. ती नुसती बसली तरी माणसं पडतात."

बोलणं सायप्रसचं. शब्द आमचेच, पण प्रत्येक शब्द जरा चावून, मऊ करून बाहेर काढलेला. खालच्या रस्त्यावर कडू संत्र्यांना फुलं आली होती आणि तो वास सगळा जिना चढून आमच्यापाशी येऊन थांबला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे हसत होते, तोंड अजून ठरवत होतं. मग ती पायरीवर बसली, खिशातून एक बारीक चिमटा काढला आणि चेनमधली एकेक टिकली सोडवायला लागली.

"खिशात चिमटा घेऊन फिरता?"

"दात बनवते मी. प्रयोगशाळेत."

"कुणाचे?"

"ज्यांचे पडलेत त्यांचे. तुमचे बघू."

"माझे सगळे माझेच आहेत."

"म्हणून तर बघायचेत," ती म्हणाली, आणि मान खाली घालून पुढची टिकली सोडवली.

तिचं नाव क्रिस्टाल्ला. लार्नाकाची. अथेन्समध्ये कुणाच्या तरी रजेवर बदली कामगार म्हणून आली होती, मे अखेरपर्यंत. एकोणीस टिकल्या अडकल्या होत्या. माझ्यापुरतं सांगायचं, तर ती चेन तशीच राहिली असती तरी मी तक्रार केली नसती.

तीही वर चिठ्ठी उचलायलाच निघाली होती. गच्चीवर थ्रासोस चिठ्ठ्यांची टोपी घेऊन उभा होता. मी चिठ्ठी उचलली: सायप्रस. तिनं उचलली: ग्रीस.

"बघा म्हणजे," ती म्हणाली, "आता मी तुमचा देश आणि तुम्ही माझा."

"मग सांभाळून राहा. माझ्या देशात लिफ्ट चालत नाही."

"माझ्या देशात पाणी जपून वापरतात. अंघोळीला किती वेळ लावता?"

थ्रासोस म्हणाला, "बाई गं, अजून गाणं सुरू झालं नाही आणि ह्या दोघींचं युगुलगीत चाललंय."

मग प्रत्येक रविवारी सराव. ती मला तिच्याकडचे उच्चार शिकवायची. माझी हनुवटी दोन बोटांनी धरायची, "जबडा सैल... अजून सैल," म्हणायची. दात बनवणाऱ्यांची सवय असते ती. पण सवयीचा हात एवढा सावकाश सुटतो का कधी? मी तिच्या झग्याची मापं घ्यायचे. कंबर एकदा मोजली. पुढच्या रविवारी परत मोजली.

"आठवड्यात बदलली असेल का?" तिनं विचारलं.

"हलूमी खाणाऱ्यांचं काही सांगता येत नाही."

"तरी तिसऱ्यांदा मोजा. टेप थंड आहे, पण तुमचे हात..." एप्रिल तसाच गेला. 'अहो'वरून आम्ही कधी 'अगं'वर आलो, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मी गायला लागले की समोरच्या चर्चमधले पाद्री अवेळी घंटा वाजवायचे, सुरात सूर मिळवायला. एकदा तर—

"मावशी, तिचं सांग," मेल्पोची मैत्रीण म्हणाली. पहिल्यांदाच बोलली पोरगी.

सांगते. स्पर्धेच्या आदल्या रविवारी क्रिस्टाल्ला म्हणाली, "रजेवरची बाई परत आली. माझं मंगळवारचं विमान आहे. स्पर्धेनंतरच्या मंगळवारचं." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "बरं?" मी म्हटलं, "लार्नाकात समुद्र छान असतो म्हणे." झालं. मला फक्त 'राहा' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण ती मी म्हटली असती तर जग माझ्यामागं धावतं या म्हणण्याला काय अर्थ राहिला असता? तिला 'राहू का?' विचारायचं होतं, तेही तिनं विचारलं नाही. सबंध आठवडा मी टिकल्या टाचत होते आणि सुई बोटात जात होती.

रविवार उजाडला. चादरींचे पडदे, बर्फाची कॉफी, पंखांचे हार, पन्नास पाहुणे. पोर्तुगाल रडत गायलं, माल्टा बेसूर गायलं. माल्टा म्हणजे आमचा प्लंबर. क्रिस्टाल्लानं ग्रीस असं गायलं की ऊनसुद्धा पुढं सरकायचं विसरलं. त्या दिवशी सावल्या पाऊण तास एकाच जागी होत्या. मी कशी गायले ते माझ्या तोंडून बरं दिसत नाही.

मग गुण. बारा देश, स्वतःचा सोडून उरतात अकरा, आणि गुण मिळतात दहांनाच, एकापासून बारापर्यंत. म्हणजे प्रत्येकाच्या यादीत एकच बिचारा कोरडा राहतो. दरवर्षी तो मान प्लंबरचा. आणि ग्रीसनं सायप्रसला बारा द्यायचे, सायप्रसनं ग्रीसला, हे तर सूर्य उगवण्यासारखं. टीव्हीवर लोक हसतात, गच्चीवरही हसतात, पण चुकलेलं कुणी पाहिलं नाही. ज्याची पाळी, त्यानं तुटका टेलिफोन कानाला लावून कोपऱ्यातून निकाल सांगायचा.

तेवढ्यात पोर्तुगालनं शंका काढली. "क्रिस्टाल्ला जन्मानं सायप्रसची. मग तिला सायप्रसला मत देता येईल का? स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, हा तर पहिला नियम."

त्यावर वीस मिनिटं वाद. शेवटी थ्रासोसनं निकाल दिला: "चिठ्ठीत निघाला तोच आपला देश. बाकी सगळे परके. परक्यालाच मत."

मी आधी उभी राहिले. ग्रीसला बारा. सगळे हसले. मग तिची पाळी. फोन कानाला लावून ती म्हणाली, "हॅलो किप्सेली, सुंदर कार्यक्रमाबद्दल आभार." एक गुण, दोन गुण, आठ, दहा... सायप्रसचं नाव नाही. लोक आधीच "सायप्रस, सायप्रस" ओरडायला लागले. मीही जरा पदर सावरला. म्हणजे झग्याचं जे काय असतं ते.

"बारा गुण," ती म्हणाली, "माल्टाला."

प्लंबर खुर्चीवरून पडला. कबुतरं उडायची थांबली, हवेतल्या हवेत. मंगळवारी जाणाऱ्या माणसानं रविवारीच पाटी पुसून टाकली होती.

मी सरळ तिच्यासमोर गेले. "मला शून्य? अख्ख्या गच्चीत मी एकटी कोरडी?"

"नियम आहे," ती म्हणाली. आवाज इतका लहान झाला होता की पुढच्या रांगेलाही ऐकू गेला नसता. पण पन्नासच्या पन्नास लोक खुर्च्या पुढं ओढून बसले होते. "मत परक्याला द्यायचं. आपल्या माणसाला देता येत नाही."

"...आपल्या?"

"आपल्या. आता तू राहा म्हणतेस, की तू न म्हणताच मी राहू?"

तिनं तिथल्या तिथं विमानाचं तिकीट फाडलं, त्याचे तुकडे वाऱ्यानं उडाले आणि एकूण एक तुकडा लार्नाकाला जाऊन पोहोचला, तिच्या भावानं ते जोडून भिंतीवर लावलं. आणि मी, मी कुणाच्या मागं न जाणारी, मी फक्त हात पुढं केला आणि तिनं...

"एव्हान्थिया, खोटं."

मी वळून पाहिलं, तर जिन्याच्या दारात क्रिस्टाल्ला उभी होती, हातात कलिंगडाची थाळी, सात मजल्यांचा दम लागलेला. लिफ्ट परत बंद पडली असणार.

"मी बाराच दिले होते तुला, मुकाट्यानं, सगळे देतात तसे," ती म्हणाली. "शून्य तू दिलंस मला."

मेल्पोची मैत्रीण माझ्याकडं बघायला लागली. "मग ते... आपल्या माणसाचं?"

"ते वाक्य तिचंच," क्रिस्टाल्ला म्हणाली. "रडत बोलली. फोन उलटा धरला होता."