सुटत्या गाडीतून घेतलेलं रीळ

आमच्याकडे तळघरातून डबा वर आणला की तो लगेच उघडत नाहीत. खाली हाडं गोठवणारी थंडी असते, वर माणसांची ऊब. झाकण घाईने काढलं की फिल्मला घाम फुटतो आणि चित्र विरघळतं. म्हणून डबा आदल्या दिवशी आणायचा, बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हवेला सरावू द्यायचा. नवीन माणसाला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो आणि कुणी विसरलं तर त्याची बिनपाण्याने करतो. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण तो डबा ओलाचिंब निघाला तेव्हा माझ्याबरोबर काम करणाऱ्या डोरीनने पहिला संशय माझ्यावरच घेतला.

मेरीलँडमधल्या या सरकारी फिल्म-संग्रहाच्या इमारतीत मी अर्धं आयुष्य घालवलंय. युद्धं आणि निवडणुका, एवढंच आमच्या तळघरात आहे. किनाऱ्यावर उतरणारे सैनिक, बॉम्ब टाकून परतणारी विमानं, सुनावणीत कपाळ पुसणारे सिनेटर, आगगाडीच्या शेवटच्या डब्यातून हात हलवणारे उमेदवार. मेलेली माणसं मी रोज चालता-बोलताना बघतो, त्यामुळे भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. फिल्मवर विचित्र काही दिसलं तर त्याला कारण असतं. दोन तुकडे जोडलेला सांधा असतो, बुरशी असते, नाहीतर कॅमेरामनचा गाढवपणा.

एप्रिलमध्ये नेब्रास्काहून मिस व्होबोरिल त्यांच्या गावात घेतलेलं एक जुनं रीळ बघायला आल्या. पंचाहत्तरीच्या, काटकुळ्या, डाव्या हाताला लोकरी हातमोजा आणि उजव्या हातात खसखशीच्या कोलाच्यांचा, म्हणजे गोड पावांचा पुडा. तपासणीच्या टेबलाजवळ खाण्याची वस्तू चालत नाही. मी पुडा काढून घेतला, तशा त्या म्हणाल्या, "घे, पण खा हं. कुलूप लावून ठेवू नकोस. तुम्हा लोकांना सगळ्यालाच कुलूप लावायची खोड."

"मिस व्होबोरिल, रीळ जुनं आहे. फार फिरवता येणार नाही."

"मिली म्हण. गावात सगळे मिलीच म्हणतात. पाठीमागे वेडी मिली म्हणतात, ते तेवढं तू म्हणू नकोस."

त्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. समोरचं पुसट, कडेचं स्पष्ट. कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून त्या माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर म्हणाला होता, उन्हाळ्यानंतर कडेचंही जाईल.

"माझा भाऊ एमिल कोरियात लढायला गेला," त्या म्हणाल्या. "आमच्याच स्टेशनातून. गाडी हलली तरी मी त्याचा हात धरून फलाटाच्या टोकापर्यंत धावले. म्हणाला, मिली, सोड आता, पुढल्या खेपेला तुला बरोबर नेतो. त्याच थंडीत तो बेपत्ता झाला."

"मला वाईट वाटतं."

"ऐक तर. बावन्न साली अध्यक्षपदाचा तो उमेदवार आगगाडीने आला. युद्ध थांबवतो म्हणून सांगत फिरत होता. मी सोळा वर्षांची. एमिलचं नाव लिहिलेला फलक घेऊन गर्दीत उभी राहिले. आणि एमिल आला. माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला, माझा हात धरला. गाडी सुटली आणि त्याने हात सोडला. वळून बघते तर नाही." त्यांनी मोजा नीट ओढून घेतला. "आईला सांगितलं. आईने आधी थोबाडीत दिली आणि मग दवाखान्यात टाकलं. तसल्या दवाखान्यात. परत आले ती वेडी मिली होऊनच."

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"आता सैन्याला डोंगरात हाडं सापडलीत. माझी लाळ नेली, जुळली म्हणतात. पुरायला माझा होकार हवाय. आता तूच सांग पोरा, तो तिकडे बर्फाखाली होता, तर माझ्या शेजारी कोण होतं? आणि माझ्या शेजारी तोच असेल, तर मी पुरू कुणाला? डोळे आहेत तोवर मला एकदा बघू दे. म्हणजे वेडी तर वेडी, निदान मला कळेल."

डबा आदल्या दिवसापासून बाहेर होता. तरी त्यावर दहिवर साचलं होतं.

"वेंडेल, आज सकाळी काढलास का रे हा?" डोरीनने शेजारच्या टेबलावरून विचारलं. "आम्हाला शिकवतोस आणि स्वतः मात्र मोकळा."

मी डबा पुसला. आत फिल्म कोरडी होती. रीळ चढवलं आणि हँडल सावकाश फिरवायला लागलो. टेबलावरच्या छोट्या काचेत आधी कॅमेरामनची पाटी आली, तिच्यावर गावाचं नाव आणि सप्टेंबर, बावन्न. मग कडक ऊन. कॅमेरा गाडीच्या शेवटच्या डब्यात लावलेला. खाली रुळांवर गर्दी, हॅट घातलेले शेतकरी, बँडवाले, एक मोठा ढोल. कडेला उमेदवाराची बाही तेवढी दिसत होती.

ढोलापुढे फलक धरलेली मुलगी उभी होती. आणि तिच्या डावीकडे एक सैनिक.

"शेजारी कोण आहे?" मिस व्होबोरिलनी विचारलं.

मी हँडल मागे फिरवून पुन्हा बघितलं.

"बोल ना. का तुलाही मला वेडीच ठरवायचंय?"

"सैनिक आहे," मी म्हणालो. "जाड कोट घातलाय. कान झाकणारी टोपी आहे. खांद्यावर बर्फ साचलाय."

"सप्टेंबरात," त्या हळूच म्हणाल्या. "आईला मी हेच सांगितलं होतं."

त्यांनी मान तिरकी केली, काचेला नाक लागेल इतक्या वाकल्या, आणि त्यांना तो दिसला. मग त्या रडल्या. आडपडदा न ठेवता, लहान पोर रडतं तशा.

मला त्यांची दया आली आणि रागही आला, रिळावर. मी लगेच खुलासा द्यायला लागलो. युद्धात हे व्हायचं. एखादा कॅमेरामन वापरलेल्या रिळावर खूण करायला विसरायचा, मग तेच रीळ कोरं समजून दुसरा वापरायचा. एकावर एक दोन चित्रं उमटायची. कोरियातला सैनिक, नेब्रास्कातलं ऊन. इतकं साधं आहे ते.

"मग बघ की भिंगातून," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मी भिंग लावलं. दोन चित्रं एकमेकांवर पडली की ती एकमेकांत मिसळतात. मागचा ढोल कोटातून दिसायला हवा होता. तो दिसत नव्हता. कोटाने ढोल झाकला होता. सैनिकाची सावली सगळ्यांच्या सावल्यांच्या दिशेलाच पडली होती. मुलीच्या हाताभोवती त्याची बोटं होती आणि त्या बोटांखाली तिची कातडी दबली होती. सांधा कुठेही नव्हता. भर उन्हात त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

मी डोरीनला बोलावलं. तिने बघितलं, भिंग खाली ठेवलं आणि आपल्या टेबलावर जाऊन बसली.

"पुढे फिरव," मिस व्होबोरिल म्हणाल्या.

गाडी हलली. त्या धक्क्याने की वाऱ्याने कोण जाणे, मुलीच्या हातातला फलक कलंडला. तो सावरायला तिने दोन्ही हात वर नेले.

हात सैनिकाने सोडला नव्हता, तिने सोडला होता.

मिस व्होबोरिलच्या घशातून बारीकसा आवाज आला. मी हँडल थांबवलं.

"थांबू नकोस."

रूळ मागे पडायला लागले. शेतकरी लहान झाले, ढोल लहान झाला, फलक घट्ट धरलेली मुलगी बाहुलीएवढी झाली. सैनिक लहान झाला नाही. तो होता तेवढाच राहिला. त्याचे बूट दिसत होते. ते हलत नव्हते. एक हात किंचित मागे, मुलीने सोडला होता तसाच उघडा.

गाव गेलं, शेतं आली. तो तेवढाच. मग काच पांढरी झाली.

"तो मला न्यायला आला होता," मिस व्होबोरिल म्हणाल्या. "आणि मी पुठ्ठा धरून बसले."

मोजा पुन्हा ओढून घेत त्यांनी विचारलं, "पुरू का रे त्याला?"

"पुरा," मी म्हणालो. "हाडांना घरची माती मिळू दे. हे काय, फिल्म आहे नुसती." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. डावा हात. लोकरीतूनही गारठा बोचला. "तू भला माणूस आहेस, वेंडेल. मी वेडी नव्हते, हे तू पाहिलंस. आता कुणी काही म्हणो."

जूनमध्ये त्यांच्या शेजारणीचा फोन आला. मिलीने माझा नंबर देऊन ठेवला होता म्हणे. एमिलला झेंड्यासकट, बंदुकांच्या सलामीसकट गावात पुरलं. मिली सगळ्यांशी हसून बोलली, सगळ्यांना कोलाचे वाढले. दुपारी दिसेना म्हणून शोधलं, तर जुन्या स्टेशनच्या बाकावर सापडली. तिथले रूळ कधीच उखडलेत, गवत माजलंय.

"शांत गेली हो," शेजारीण म्हणाली. मग घुटमळली. "फक्त डावा हात... पुढे केलेला होता. खाली घेताच येईना. आणि बाही भिजलेली. पाऊस तर महिनाभर नाही आमच्याकडे."

मी डबा वर मागवला. नियमाप्रमाणे बाहेर ठेवला. दुसऱ्या दिवशी झाकणावर दहिवर नव्हतं, पांढरा बर्फ होता.

डोरीन म्हणाली, "नको बघूस." मी बघितलं.

पाटी. ऊन. शेतकरी, ढोल, मुलगी, सैनिक.

गाडी हलली. फलक कलंडला.

तो खडीवर पडला. नाव खाली, पाठ वर. कुणी उचलला नाही.

शेतकरी लहान झाले. ढोल लहान झाला. गाव गेलं, शेतं आली.

ती दोघं तेवढीच राहिली, हातात हात घेऊन. मुलगी मान सरळ ठेवून थेट माझ्याकडे बघत होती.

भर उन्हात तिच्याही तोंडातून वाफ निघत होती.